तोरणा डाऊन आहे

१९९७ च्या सुमाराचं पुण्यातल्या एखाद्या लघुउद्योजकाचं व्हिजिटिंग कार्ड हाती लागलं, तर त्यावरचा ईमेलचा पत्ता मोठ्याने वाचून बघा. आधी माणसाचं नाव, मग @, मग जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन. फोनवर हा पत्ता सांगताना निम्म्यातच धाप लागायची आणि पलीकडचा हमखास विचारायचा, "शेवटी झिरो-वन की ओ-वन?" मुंबईकरांच्या कार्डावर पीएनच्या जागी बीएम असायचं, दिल्लीकरांच्या कार्डावर डीएल. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने, म्हणजेच व्हीएसएनएलने, लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या सेवेचं नाव होतं गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस. तिची आद्याक्षरं जीआयएएस, पुढे शहराची दोन अक्षरं आणि त्या शहरातल्या यंत्राचा क्रमांक. म्हणजे कार्डावर छापलेला पत्ता माणसापेक्षा यंत्राचाच जास्त होता: अमुक तमुक, मुक्काम पुण्यातलं पहिल्या नंबरचं यंत्र.

गिऱ्हाइकं वाढली तशी यंत्रं वाढली. मग पीएन२, पीएन३, बॉम२, बॉम५ असे पत्ते दिसायला लागले. इंटरनेट कुणी आधी घेतलं आणि कुणी मागाहून, हे आकड्यावरून कळायचं. पहिल्या नंबरवाल्यांना त्याचा थोडा तोराही होता, आणि का नसावा? रात्री जागून फोनची लाइन पकडायची, मॉडेमची ती चिरचिर ऐकायची आणि पाइन नावाच्या मेल प्रोग्राममध्ये काळ्या पडद्यावर मेल वाचायचे, असा तो काळ.

मी गेली बरीच वर्षं पुण्यातल्या एका छोट्या मेल कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे नाशिकचे द्राक्ष निर्यातदार, इचलकरंजीचे सूतव्यापारी, सांगली-साताऱ्याकडच्या पतसंस्था, आणि पत्नीच्या नावाने डोमेन घेऊन ठेवलेले दोन-चार वकील. आपला मेल कोणत्या यंत्रावर आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. परवा आम्ही सगळी यंत्रं पुण्यातून नवी मुंबईत महापेला हलवली, तेही बहुतेकांना कळलं नाही. न कळणं हीच आमच्या कामाची पावती. पण त्या निमित्ताने यंत्रांच्या नावांचा विषय निघाला, आणि तो काही डोक्यातून जाईना.

कारण ईमेल आणि यंत्राचं नाव यांचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला मेल पाठवला. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी, एकाच खोलीत. त्यांची नावं बीबीएन-टेनेक्सए आणि बीबीएन-टेनेक्सबी. टेनेक्स ही त्यावर चालणारी प्रणाली. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं करायला काहीतरी खूण हवी होती, म्हणून टॉमलिन्सननी कीबोर्डवरचं @ उचललं. त्या खुणेच्या उजवीकडे तेव्हा जे होतं ते फक्त यंत्राचं नाव.

आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या यंत्रांची नावं एका फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते नोंद करणार, मग बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. जगातल्या यंत्रांची ही एवढीच नोंदवही! पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसचा, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणाऱ्या, अनेक ठिकाणी वाटलेल्या नोंदवहीचा आराखडा मांडला तो या नोंदवहीवरचा भार असह्य व्हायला लागला म्हणूनच.

आपल्याकडचा प्रकार त्याहून मजेशीर होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अर्नेट नावाचं शिक्षणसंस्थांचं जाळं उभं राहत होतं, आणि परदेशी जाणाऱ्या मेलचा एक मोठा दरवाजा होता मुंबईत, जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरच्या एनसीएसटी संस्थेत. तिथल्या यंत्राचं नाव शक्ती. दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे होतं ते विक्रम. एका यंत्राने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला मेल पोचवायची तेव्हाची पद्धत म्हणजे यूयूसीपी, आणि तिच्यात पत्ता म्हणजे चक्क वाट असे. अमेरिकेतलं यूयूनेट, मग उद्गारचिन्ह, मग शक्ती, पुन्हा उद्गारचिन्ह, मग पुढचं यंत्र, आणि शेवटी माणूस. पत्र कुठे जायचं एवढंच सांगून भागत नसे. कोणाकोणाच्या हातून जायचं तेही पाठवणाऱ्यानेच लिहायचं. अमेरिकेत शिकायला गेलेला एखादा मराठी मुलगा आयआयटी पवईतल्या मित्राला मेल करताना मधे "शक्ती" टाइप करायचा. ते यंत्र त्याने बघितलेलं नसे, पण नाव पाठ.

या सगळ्याला वळण मिळालं जानेवारी १९८६ मध्ये, आणि फारसा गाजावाजा न होता. डीएनएसमध्ये एमएक्स नावाची नोंद कशी वापरायची याचे नियम आरएफसी ९७४ या टिपणात आले. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाची क्रमांक दिलेली जाहीर टिपणं.) एमएक्सचं काम एका ओळीत सांगता येतं: या नावाने आलेला मेल कोणत्या यंत्राला द्यायचा ते इथे विचारा. पहिलं यंत्र बंद असेल तर दुसरं कोणतं, तेही त्यातच लिहिलेलं. आता @ च्या उजवीकडचं नाव कुठल्याच यंत्राचं नसलं तरी चालणार होतं. पत्ता यंत्रापासून सुटला. माझ्या मते ईमेलच्या इतिहासात @ नंतरची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि तिचा वाढदिवस कोणी साजरा करत नाही.

गंमत म्हणजे ही सोय होऊन नऊ वर्षं झाल्यावरही आपल्या कार्डांवर जीआयएएसपीएन०१ आलंच. पुढे यथावकाश व्हीएसएनएल डॉट कॉम असे सुटसुटीत पत्ते आले. पण तोवर लेटरहेडं छापून झाली होती. आमच्या एका गिऱ्हाइकाने जुनी लेटरहेडं संपेपर्यंत जुना पत्ता सोडला नाही. कागद वाया जातो म्हणे.

तर आमचं स्थलांतर. लोकांना वाटतं, सर्व्हर हलवणं म्हणजे पेटारे उचलून टेंपोत घालणं. टेंपो होता, पण तो सगळ्यात शेवटी. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला आयुष्य असतं. आमच्या नोंदी ८६,४०० सेकंदांच्या होत्या. म्हणजे एकदा विचारलेलं उत्तर जगाने चोवीस तास लक्षात ठेवायचं. त्या आधी ३०० वर आणल्या, म्हणजे बदल केला की पाच मिनिटांत कळेल. अर्थात जगात असे अनेक महाभाग आहेत जे ३०० कडे ढुंकूनही बघत नाहीत आणि जुन्याच पत्त्यावर मेल आणून टाकत राहतात. म्हणून जुनं यंत्र लगेच बंद करायचं नसतं. आलेला मेल पुढे पाठवत त्याने आणखी काही दिवस दारात उभं राहायचं.

मग टपालपेट्या. जुन्या यंत्रावरून नव्यावर प्रत चालू ठेवायची, ती पूर्ण होत आली की एकेका गिऱ्हाइकाचं बूड उचलायचं. इथे यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा एक क्षुल्लक दिसणारा आकडा जीव काढतो. प्रत्येक फोल्डरला तो असतो. हलवताना तो बदलला, तर गिऱ्हाइकाच्या आउटलुकला वाटतं की हे फोल्डर भलतंच आहे, आणि ते सगळे मेल पहिल्यापासून उतरवायला घेतं. इचलकरंजीतल्या एका सूतव्यापाऱ्याची पेटी वीस-तीस जीबीची, त्यात सूत-नमुन्यांचे फोटो, आणि ऑफिसात दहा जणांत एक कनेक्शन. आकडा बदलला असता तर शेठनी फोनवर आमचा उद्धार केला असता. नाही बदलला. त्यांचा फोन आला तो द्राक्षांच्या मोसमात एका नाशिककराला पाठवलेला मेल परत का आला, हे विचारायला, आणि दोष नाशिककराच्या भरलेल्या पेटीचा होता.

एक दिलाशाची गोष्ट ईमेलच्या नियमांतच आहे. समोरचं यंत्र उत्तर देत नसेल तर पाठवणाऱ्याने मेल लगेच फेकायचा नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, आणि हार मानायची ती निदान चार-पाच दिवसांनी. आरएफसी ५३२१ मध्ये तसं लिहून ठेवलंय. एखादी रात्र आपण पूर्ण अंधारात गेलो तरी जगभरचे सर्व्हर पत्र हातात धरून थांबतात. वेबसाइटवाल्यांच्या नशिबी हे सुख नाही.

मेलबर्नच्या फास्टमेलचं उदाहरण मी नव्या मुलांना देतो. १९९९ साली सुरू झालेली कंपनी. मूळ माणसं ऑस्ट्रेलियात, मुख्य यंत्रं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला सायरस हा मेल सर्व्हर ते वापरतात. पण एका यंत्रावर एकच अजस्र सायरस न चालवता पुष्कळ छोटे छोटे चालवतात, आणि प्रत्येकाची प्रत दुसऱ्या यंत्रावर तयार असते. मग हलवणं म्हणजे प्रतीला मुख्य करायचं आणि मुख्याला प्रत. थोडे थोडे वापरकर्ते सरकतात, कुणाला पत्ता लागत नाही. आम्ही त्यांच्या शतांशही नाही, पण युक्ती उचलायला आकार लागत नाही.

खरा त्रास झाला तो ओळखीचा. नव्या डेटा सेंटरमध्ये नवे आयपी पत्ते, म्हणजे यंत्रांचे आकडी पत्ते, मिळाले, आणि मोठ्या मेल कंपन्यांच्या लेखी आम्ही एका रात्रीत अनोळखी झालो. गावात नवा भाडेकरू आला की दूधवालासुद्धा उधारी देत नाही, तसं. सुरुवातीला थोडेच मेल सोडायचे, मग हळूहळू वाढवायचे. आणि इथे यंत्राचं नाव पुन्हा कामाला येतं. आयपीवरून उलटं विचारलं तर एक नाव मिळायला हवं, ते नाव पुन्हा त्याच आयपीवर यायला हवं, आणि बोलणं सुरू करताना यंत्राने स्वतःची ओळख त्याच नावाने करून द्यायला हवी. नाव नसलेल्या किंवा नुसते आकडे जोडून बनवलेल्या नावाच्या यंत्राचा मेल पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत जातो.

आमच्या यंत्रांना नावं आहेत ती किल्ल्यांची. ही प्रथा माझ्या आधीच्या माणसाने पाडली. तो दर रविवारी सह्याद्रीत असायचा, सोमवारी पाय धरून बसायचा. मेल घेणारी दोन यंत्रं राजगड आणि तोरणा. सर्वांत मोठ्या डिस्कांचं ते साल्हेर, कारण महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला तो. बाहेरच्या घुसखोरांना अडवणारी फायरवॉल अर्थातच जंजिरा. आणि मला सगळ्यात आवडतं ते चेन्नईतलं राखीव यंत्र: इकडचं सगळं बुडालं तर जिथून कारभार चालवायचा ते. त्याचं नाव जिंजी. १६८९ साली रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज तिकडे गेले आणि राज्य तिथून चाललं. आमच्या आणीबाणीच्या कागदावर दोन पानं मजकूर आहे, पण मराठी माणसाला नाव ऐकलं की तो वाचावा लागत नाही. चेन्नईच्या डेटा सेंटरमधल्या तंत्रज्ञाला मी नाव सांगितलं तर तो हसला. त्याची सासुरवाडी त्याच बाजूची.

नावं कशी ठेवावीत यावर अधिकृत उपदेशही आहे. ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ लिहिलं, विषय: आपल्या संगणकाला नाव कसं निवडावं. मला ते अजूनही वाचायला आवडतं, कारण त्यात एकही वाक्य पोकळ नाही. नेहमीच्या बोलण्यातला शब्द घेऊ नका, असं सांगून त्यांनी एका यंत्राची गोष्ट दिली आहे. अपडेट फक्त त्याच यंत्रावर होत, म्हणून त्याचं नाव ठेवलं "अप". मग लोक एकमेकांना विचारायला लागले, "अप डाऊन आहे का?" स्वतःचं नाव यंत्राला देऊ नका. लांब नाव नको. ज्याचं स्पेलिंग दोन तऱ्हेने होतं ते तर नकोच नको. आणि एखादा विषय धरून नावं ठेवा, म्हणजे नावांची साखळी लांबवता येते.

किल्ले या कसोटीवर बहुतेक उतरतात. बारा राशी घेतल्या तर तेराव्या यंत्राला अडतं, सत्तावीस नक्षत्रं घेतली तरी कधीतरी संपतात. किल्ले साडेतीनशेच्या वर. स्पेलिंगच्या नियमाला मात्र आम्ही सपशेल नापास. सिंहगड रोमन अक्षरांत लिहायचा कसा यावर आमच्याकडे झालेली चर्चा संपली नाही, म्हणून सिंहगड नावाचं यंत्र आमच्याकडे नाही. नद्यांचा प्रस्तावही एकदा आला होता. पावसाळ्यात "मुठा वर आली" हे ऑफिसच्या ग्रुपवर वाचून अर्ध्या लोकांनी गाड्या काढायला धाव घेतली असती, म्हणून तो बारगळला. लिब्ससाहेबांचा पहिलाच नियम.

महापेला जायच्या आधी आमच्याकडच्या नव्या इंजिनिअरने हरकत घेतली. "सर, आता कोणी नावं ठेवत नाही. पेट्स नाही, कॅटल." हे वाक्य आमच्या धंद्यात २०१२ च्या सुमारापासून फिरतंय. मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकर यांची उपमा, रँडी बायस यांनी ती सर्वदूर नेली. पाळीव प्राण्याला नाव असतं, आजारी पडला तर आपण शुश्रूषा करतो. गुरांना नंबर असतो, एक गेलं तर दुसरं आणायचं. सर्व्हर गुरांसारखे वागवा.

मी तिला म्हटलं, "अगं, ही उपमा ज्यांनी काढली त्यांनी आपला गोठा बघितलेला नाही." ती कराडकडची. तिच्या आजोबांच्या गोठ्यात बैलांना नंबर होते का, विचारलं. ती हसायला लागली. सर्जा आणि राजा, बेंदराला शिंगं रंगवून मिरवणूक. नंबर होता तो फक्त विमा कंपनीने कानात ठोकलेल्या बिल्ल्यावर, आणि तो आजोबांना कधीच पाठ नव्हता.

पण तिचं निम्मं खरं होतं, हे मान्य करायला हवं. ढगातली, म्हणजे क्लाउडवरची, यंत्रं सकाळी जन्मतात, दुपारी मरतात. त्यांना किल्ल्याची नावं देत बसलं तर साडेतीनशे किल्ले आठवड्यात संपतील. तिने मांडलेली पद्धत अशी: कामाची दोन अक्षरं, गावाची दोन, मग क्रमांक. एमएक्स-एनएम-०१. मी कागदाकडे बघत राहिलो. शहराची अक्षरं आणि झिरो-वन! विदेश संचारच्या इंजिनिअरांनी हेच तर केलं होतं. त्यांच्या पद्धतीत खोट नव्हती. फक्त ते नाव गिऱ्हाइकाच्या कार्डावर जायला नको होतं. यंत्रखोलीत ते शहाणपणाचं आहे.

तोडगा निघाला. कागदोपत्री नाव तिचं, बोलायचं नाव आमचं. डीएनएसमध्ये एक नाव दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं, ती सोय आहेच. असंही महाराजांनी तोरण्याचं नाव प्रचंडगड ठेवलं, पण तोरणा म्हणायचं कोणी सोडलं का?

बोलायच्या नावाचा पक्ष मी का धरतो, ते टेंपोच्या रात्री पुन्हा दिसलं. डिस्का काढून वेगळ्या फोममध्ये, यंत्रं ब्लँकेटांत, बोरघाट हळूहळू. महापेला पहाटे रॅकमध्ये चढवताना दोन माणसं दोन टोकांना, मधे पंख्यांचा गोंगाट, आणि फोनवर पुण्यातला तिसरा. अशा वेळी "झिरो-वनची केबल काढ" आणि "झिरो-सेव्हनची केबल काढ" यांत गल्लत व्हायला अर्धा सेकंद पुरतो. "साल्हेरची काढ" म्हटलं की गल्लत होत नाही. पुण्यातल्या फडताळात जी जुनी यंत्रं सोडून आलो त्यांच्या यादीला कोणीतरी शीर्षक दिलं होतं, "पुरंदरचा तह". महाराजांनी तेवीस किल्ले दिले. आमचे तेवढे नव्हते.

पूजा झाली ती मालाच्या दारात. आत उदबत्ती चालत नाही, धुराचा माग काढणारी यंत्रणा एका काडीनेही जागी होते. दसऱ्याला झेंडूसुद्धा रॅकवर नको म्हणतात, पाकळ्या पंख्यात जातात. नारळ बाहेर फुटला, सुरक्षारक्षकाने खोबरं खाल्लं.

हलवाहलव झाल्यावर एक जुनी पेटी तपासत होतो. मेल साठवायच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते, आणि दोन फाइलींना एकच नाव मिळू नये म्हणून नावात वेळ, एक आकडा आणि ज्या यंत्राने ते पत्र घेतलं त्याचं नाव घालतात. त्या पेटीत मी येण्याआधीची पत्रं होती आणि फाइलींच्या नावांत "विशाळगड". हे यंत्र मी कधीच पाहिलेलं नाही. पत्र उघडलं तर वरच्या ओळींतही तेच. प्रत्येक यंत्र पत्र हातातून जाताना "मला मिळालं, अमक्याकडून, अमक्या वेळी" अशी ओळ वर चिकटवतं. खालून वर वाचत गेलं की सगळा प्रवास कळतो. एमएक्सने यंत्राचं नाव पत्त्यातून काढलं खरं, पण पत्राच्या आत ते पहिल्यापासून आहे आणि पुसायची कोणाला परवानगी नाही. नव्या इंजिनिअरला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं एमएक्स-एनएम-०१ पण कायमचं राहणार?" राहणार, अगदी सूतव्यापाऱ्याच्या हिशेबाच्या मेलमध्येसुद्धा.

पुढच्या महिन्यात दोन यंत्रं आणखी येतायत. कागदोपत्री नावं तिने आधीच ठरवली आहेत. बोलायच्या नावांसाठी तिनेच लोहगड आणि विसापूर सुचवले, जोडीचे आहेत म्हणून. मी हरिश्चंद्रगड म्हणून बघितलं. "सर, टाइप कोण करणार?" लोहगड आणि विसापूर ठरले.